बिलाला युनिटांनी भागले की दर महिन्याला वेगळाच वीजदर का येतो?

चौकस वाचक (प्रश्न)

नमस्कार. गेल्या चार महिन्यांची वीजबिले समोर घेऊन मी एक साधा भागाकार केला आणि त्यातून गोंधळ वाढला, म्हणून हा धागा काढत आहे. सभासद ठिकठिकाणचे असल्यामुळे रकमा चलनात लिहीत नाही. माझ्या दरपत्रकातील पहिल्या टप्प्याच्या एका युनिटचा दर '१' धरून बाकीचे आकडे त्या प्रमाणात दिले आहेत, म्हणजे कोणालाही पडताळून पाहता येतील.

पहिल्या १०० युनिटांना प्रत्येकी १, त्यापुढील ३०० पर्यंतच्या युनिटांना २ आणि ३०० च्या वरच्या युनिटांना ३ असा दर आहे. युनिटे कितीही असोत, महिन्याला ६० इतका स्थिर आकार आहे आणि या सगळ्या बेरजेवर दहा टक्के कर आहे. इंधन समायोजनाची, म्हणजे इंधनाच्या बदलत्या खर्चाची, एक ओळही बिलावर असते, परंतु या चारही महिन्यांत तिच्यासमोर शून्य होते, त्यामुळे ती हिशेबात धरलेली नाही.

पहिल्या महिन्यात आमचे घर पूर्ण बंद होते. २० युनिटे पडली आणि बिल ८८ आले. दुसऱ्या महिन्यात ११० युनिटांचे बिल १९८ आले. तिसऱ्या महिन्यात ३६० युनिटांना ८१४ आणि चौथ्या महिन्यात २४० युनिटांना ४८४. आता रकमेला युनिटांनी भागले तर दर अनुक्रमे ४.४०, १.८०, २.२६ आणि २.०२ असा येतो. सर्वांत कमी वीज वापरली त्या महिन्यात सर्वांत महाग वीज मिळाली, हे मला काही केल्या पटत नाही.

माझे प्रश्न तीन आहेत. यातला माझा खरा दर कोणता? घराला कुलूप असताना स्थिर आकार कशाबद्दल घेतला जातो? आणि शेजारी म्हणतात त्याप्रमाणे ३०० च्या वर एक जरी युनिट गेले तरी सगळ्याच युनिटांना वरचा दर लागतो, हे खरे आहे का? हे आकडे मुळात कोण आणि कसे ठरवते, हेही कोणी सविस्तर सांगितले तर आभारी राहीन.

---

हिशेबनीस

शेजाऱ्यांची भीती तुमच्याच आकड्यांनी दूर होते, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. ३६० युनिटांच्या महिन्यात सगळ्या युनिटांना ३ हा दर लागला असता, तर केवळ विजेचे १,०८० झाले असते. प्रत्यक्षात पहिल्या १०० चे १००, पुढील २०० चे ४०० आणि उरलेल्या ६० चे १८० मिळून ६८० झाले. त्यात स्थिर आकाराचे ६० मिळवले की ७४० आणि कर धरून ८१४. म्हणजे तुमचे दरपत्रक पायऱ्यांचे आहे: वरच्या पायरीवर गेल्याने खालच्या पायरीचा दर बदलत नाही. मात्र शेजारी अगदीच चुकीचे बोलत आहेत असे मी म्हणणार नाही. मर्यादा ओलांडली की सर्व युनिटांना वरचा दर लावणारी दरपत्रकेही अस्तित्वात आहेत, आणि तिथे एका युनिटाने बिल एकदम उडी मारते. कोणत्या प्रकारचे दरपत्रक आपल्याला लागू आहे हे ऐकीव माहितीवर न सोडता तुम्ही केलात तसा हिशेब करूनच पाहावे.

आता 'खरा दर कोणता' याविषयी. तुम्ही काढलेला दर सरासरी आहे आणि त्यात दोन उलट दिशांचे ओढे एकत्र आले आहेत. युनिटे थोडी असतील तेव्हा ६० चा स्थिर आकार त्या थोड्या युनिटांवर वाटला जातो आणि सरासरी वर जाते. युनिटे वाढली की स्थिर आकाराचा भार विरळ होतो, पण टप्पे सरासरीला पुन्हा वर ढकलू लागतात. त्यामुळे तुमचा सरासरी दर आधी उतरतो आणि मग चढतो. तुमच्या दरपत्रकात तो बरोबर १०० युनिटांना सर्वांत कमी, म्हणजे १.७६ होतो. हा आकडा गमतीचा असला तरी त्याचा उपयोग फारसा नाही, कारण बचतीचा निर्णय सरासरीवर घ्यायचा नसतो.

निर्णयासाठी पाहायचा असतो तो शेवटच्या युनिटाचा दर. ३६० युनिटांच्या महिन्यात तुम्ही ३० युनिटे वाचवली असती, तर ती सगळी ३ च्या टप्प्यातून कमी झाली असती आणि करासह ९९ वाचले असते. ११० युनिटांच्या महिन्यात तीच ३० युनिटे वाचवली असती, तर १० युनिटे २ च्या आणि २० युनिटे १ च्या टप्प्यातून गेली असती, म्हणजे करासह केवळ ४४. पाणी तापवण्याचे यंत्र तेच, वाचलेली वीज तेवढीच, पण वाचलेला पैसा दुपटीहून अधिक. नवे उपकरण घेताना 'वर्षाला इतके वाचतील' असे सांगणारा विक्रेता कोणत्या टप्प्याचा दर धरून बोलतो आहे, हे विचारून पाहा. उत्तर बहुधा त्याला सोयीचे असेल.

एक गोष्ट मात्र तुमच्या प्रश्नात आलेली नाही आणि ती मला खटकते आहे. तुम्ही युनिटे लिहिलीत, पण दिवस लिहिले नाहीत. टप्प्यांच्या मर्यादा महिन्याच्या हिशेबाने ठरवलेल्या असतात. मीटरचे वाचन ३० ऐवजी ३६ दिवसांनी झाले, तर १०० ची मर्यादा १२० आणि ३०० ची ३६० व्हायला हवी. नाहीतर वाचन उशिरा झाले एवढ्याच कारणाने ग्राहक वरच्या टप्प्यात ढकलला जातो. सरासरीवर दिलेल्या बिलांचेही तसेच आहे. दोन महिने दाराला कुलूप म्हणून अंदाजे बिल दिले आणि तिसऱ्या महिन्यात साठलेली सगळी युनिटे एकाच महिन्याची समजून आकारली, तर तो हिशेब चूक आहे. ती युनिटे तिन्ही महिन्यांवर वाटून प्रत्येक महिन्याचा टप्पा स्वतंत्रपणे लावला पाहिजे. चारही बिलांवर मागील आणि चालू वाचनाच्या तारखा छापलेल्या असतील, त्या एकदा पाहून घ्या.

---

निवृत्त भारवाहक

नोकरीची बरीच वर्षे भार प्रेषण केंद्रात (मागणीनुसार वीजनिर्मिती कमीजास्त करायला सांगणाऱ्या नियंत्रण कक्षात) काढली आणि शेवटची काही वर्षे दरप्रस्तावाच्या कागदांमध्ये, म्हणून हे सदस्यनाम. आपल्या दुसऱ्या आणि शेवटच्या प्रश्नाचे उत्तर एकच आहे. वीजदर हा बाजारातल्या भाजीसारखा भाव नसून तो एक भागाकार आहे, आणि त्या भागाकारातली वरची संख्या युनिटांवर फारशी अवलंबून नसते.

दरप्रस्तावाची सुरुवात दरापासून होतच नाही. वीज पुरवणाऱ्या संस्थेला येत्या वर्षात एकूण किती रक्कम लागेल, हे आधी काढले जाते. त्यात वीज विकत घेण्याचा खर्च, उच्चदाब वाहिन्यांचे भाडे, दुरुस्ती, पगार, उपकेंद्रे आणि तारा यांचा घसारा, कर्जावरचे व्याज आणि गुंतवलेल्या भांडवलावरचा परतावा असे घटक येतात. त्यातच गळतीही येते. संस्थेने १०० युनिटे विकत घेतली आणि वाटेत तारा व रोहित्रे तापण्यात, चोरीत आणि सदोष मीटरमध्ये १० गेली, तर उरलेल्या ९० युनिटांना १०० चा खर्च भरून काढावा लागतो, म्हणजे पोचलेले प्रत्येक युनिट एक नवमांशाने महाग होते. ही एकूण रक्कम घरगुती, व्यापारी, औद्योगिक अशा वर्गांत वाटली जाते आणि प्रत्येक वर्गाच्या वाट्याला त्या वर्गाच्या अपेक्षित वापराने भागले की दर निघतो.

यात घरांना समजायला कठीण जाणारा भाग असा की, या रकमेचा मोठा हिस्सा वापर कमी झाला तरी कमी होत नाही. समजा, संस्थेची वर्षाची गरज १,००० आहे; त्यातले ६०० तारा, रोहित्रे, कर्ज आणि माणसे यांचे आणि ४०० वीजखरेदीचे. विकली जाणारी युनिटे ५०० असतील तर सरासरी दर २ पडेल. उद्या सर्वांनी दहा टक्के वीज वाचवली तर युनिटे ४५० होतील, खरेदी ३६० वर येईल, पण ६०० तसेच राहतील. आता ९६० ला ४५० ने भागायचे, म्हणजे दर सुमारे २.१३. वापर दहा टक्के घटला, एकूण खर्च चारच टक्के घटला आणि दर वाढला. सुनावणीत हा हिशेब सांगितला की समोरची माणसे चिडत असत आणि मला त्यांचा राग कधीच आला नाही.

हा पेच नवा नाही. न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवरील एडिसनचे वीजकेंद्र ४ सप्टेंबर १८८२ रोजी सुरू झाले, तेव्हा वापर मोजण्याचे साधन अगदी प्राथमिक होते. पुढे तिथे रासायनिक मीटर वापरात आले: जस्ताच्या द्रावणात जस्ताच्या पट्ट्या बुडवलेल्या असत आणि प्रवाहामुळे पट्टीच्या वजनात पडलेला फरक तोलून बिल केले जाई. १८८९ मध्ये हंगेरीच्या ओट्टो ब्लाथी याने फिरत्या तबकडीचा प्रत्यावर्ती प्रवाहाचा (एसी) मीटर बनवला आणि युनिट मोजणे सोपे झाले. पण युनिट मोजता आले म्हणून खर्च मोजता आला असे झाले नाही. १८९२ मध्ये ब्रिटिश अभियंता जॉन हॉपकिन्सन याने नेमके यावर बोट ठेवले. ग्राहक कळ कधीही दाबू शकतो म्हणून यंत्रसामग्री सदैव सज्ज ठेवावी लागते. या सज्जतेचा खर्च वेगळा आणि प्रत्यक्ष जाळलेल्या कोळशाचा खर्च वेगळा, तेव्हा आकारही दोन भागांत असावा, असे त्याचे म्हणणे होते. आपल्या बिलावरचा स्थिर आकार हा त्या विचाराचाच वंशज आहे. इंग्लंडमधील ब्रायटनच्या आर्थर राइट याने ग्राहकाने एका वेळी ओढलेला कमाल भार नोंदवणारे उपकरण तयार केले. तिथली पद्धत पाहून सॅम्युअल इन्सल याने ती शिकागोला नेली.

म्हणून कुलूपबंद घराचे उत्तर असे, की आपण महिनाभर वीज घेतली नाही, पण परतल्यावर कळ दाबताच दिवा लागेल एवढी व्यवस्था महिनाभर उभी होती. रोहित्राची क्षमता आपल्या मंजूर भाराचा (जोडणीसाठी मंजूर झालेल्या किलोवॅटचा) विचार करून ठरवलेली असते. अर्थात सगळ्यांच्या मंजूर भारांची सरळ बेरीज करून कोणी रोहित्र बसवत नाही, कारण सगळी घरे एकाच क्षणी सगळी उपकरणे चालवत नाहीत. वर्षाच्या ८,७६० तासांपैकी मोजक्या संध्याकाळी भार शिखरावर असतो आणि यंत्रणा त्या तासांसाठी बांधलेली असते. बाकीच्या वेळी ती बरीचशी रिकामी असते. प्रेषण केंद्रातल्या रात्री मी हे रोज पाहिले आहे: तीन वाजता पडद्यावरचा आकडा इतका खाली येई की चालू संच कोणता मंदावायचा याची चिंता असे, आणि संध्याकाळी सातला तोच आकडा चढू लागला की चहाचा पेला हातातच राही.

'कोण ठरवते' याचे उत्तर असे. एकाच रस्त्यावर दोन कंपन्यांनी दोन वेगळ्या तारा टाकणे म्हणजे दुप्पट खर्च. म्हणून तारांच्या व्यवसायात मक्तेदारी जवळजवळ अटळ ठरते आणि मक्तेदाराला भाव ठरवू देता येत नाही. गंमत अशी की नियमन हवे असे १८९८ मध्ये जाहीरपणे म्हणणारा इन्सल स्वतः वीजकंपनीचा प्रमुख होता. स्पर्धकांपासून संरक्षण मिळत असेल तर दरावर सरकारी अंकुश त्याला चालणार होता. १९०७ मध्ये अमेरिकेतील विस्कॉन्सिन आणि न्यूयॉर्क या राज्यांनी असा अंकुश ठेवणारे आयोग नेमले. आज बहुतेक ठिकाणी नियामक आयोग हेच काम करतो: प्रस्ताव मागवणे, तो लोकांपुढे ठेवणे, हरकती ऐकणे, अवाजवी खर्च कापणे आणि आदेश काढणे.

यातही खाचखळगे आहेत. खर्च अधिक ठरावीक परतावा, या पद्धतीत कंपनीला गरजेपेक्षा जास्त भांडवल गुंतवण्याचा मोह होतो, कारण परतावा भांडवलावर मिळतो. हार्वे अॅव्हर्च आणि लेलंड जॉन्सन या अर्थतज्ज्ञांनी १९६२ मध्ये हे मांडले. त्यावर तोडगा म्हणून ब्रिटनमध्ये स्टीफन लिटलचाइल्ड यांनी १९८३ मध्ये महागाईच्या दरातून कार्यक्षमतेचा ठरावीक टक्का वजा करून कमाल दर बांधून देण्याची पद्धत सुचवली. ती आधी दूरध्वनीसाठी होती, नंतर वीजवितरणालाही लागू झाली. कोणतीही पद्धत घेतली तरी सारे गणित अंदाजावर उभे असते. पाऊस कमी झाला, इंधन महागले, वापर कमी भरला, तर प्रत्यक्ष आणि अंदाज यांतली तफावत पुढच्या काळातील दरात वसूल होते किंवा परत दिली जाते. आपल्या बिलावरची इंधन समायोजनाची ओळ हे त्याचेच छोटे आणि तातडीचे रूप आहे. या वेळी ती शून्य आहे म्हणून तिला विसरू नका.

---

उंबरठा

भारवाहकांचा प्रतिसाद माहितीपूर्ण आहे, परंतु त्यातून असा समज होऊ शकतो की स्थिर आकार हा भौतिकशास्त्राचा नियम आहे. मला त्याला हरकत घ्यायची आहे.

तारा आणि रोहित्रे यांचा खर्च स्थिर आहे हे मान्य. पण तो कोणाकडून आणि कोणत्या मापाने घ्यायचा, ही निवड आहे. चौकस वाचकांच्या पहिल्या बिलात कर वगळून ८० पैकी ६० स्थिर आकाराचे आहेत. एका खोलीत दोन दिवे आणि एक पंखा चालवणारे कुटुंब महिन्याला २५ ते ३० युनिटे वापरत असेल, तर त्याचे जवळजवळ प्रत्येक बिल असेच दिसणार. संध्याकाळच्या शिखराला त्या पंख्याचा वाटा किती आणि तीन वातानुकूलन यंत्रे असलेल्या घराचा किती? स्थिर आकार जोडणीमागे सारखा घेतला, तर दोघे सारखे धरले जातात. मंजूर भाराच्या किलोवॅटमागे घेतला, तर फरक पडतो. 'सज्जतेचा खर्च' या एकाच तत्त्वातून दोन्ही पद्धती निघतात, पण भरणारा खिसा बदलतो. हॉपकिन्सनच्या तत्त्वाचे नाव घेताना कोणती पद्धत अवलंबली आहे हेही विचारावे, एवढेच माझे म्हणणे.

टप्प्यांच्या बाबतीत मात्र माझे मत अनेकांना रुचणार नाही. कमी वापराला कमी दर, म्हणजे गरिबांना आधार, असे आपण धरून चालतो. त्यामागचा हेतू चांगला आहे. कॅलिफोर्नियात १९७५ मध्ये निर्वाहापुरत्या विजेला स्वस्त दर देण्याचा कायदाच झाला. परंतु मीटर युनिटे मोजतो, माणसे मोजत नाही. एका मीटरवर नऊ माणसे राहत असतील तर ती सगळी मिळून वरच्या टप्प्यात जातात. आणि ज्याची दोन घरे आहेत व दोन्हींत तो अधूनमधून राहतो, त्याला पहिल्या टप्प्याचा स्वस्त दर दोनदा मिळतो. भाडेकरूंचे हाल तर आणखी वेगळे. मूळ मीटर एकच असून आत उपमीटर लावले असतील, तर घरमालकाचे एकत्रित बिल वरच्या टप्प्यात जाते आणि प्रत्येक भाडेकरूने ३० युनिटे वापरूनही त्याच्याकडून वरचाच दर वसूल होतो. मी स्वतः शिकत असताना तीन वर्षे अशा खोलीत राहिले आहे. उपमीटरचा आकडा वहीत लिहून घेणारे घरमालक स्वभावाने वाईट नव्हते. त्यांच्या बिलात खरोखरच तेवढा दर येत होता.

त्यामुळे आधार द्यायचा असेल तर तो दरातून द्यावा की वेगळ्या थेट अनुदानातून, हा प्रश्न मला अजून सुटलेला वाटत नाही. दरातून दिला की उद्योगांच्या किंवा वरच्या टप्प्यांच्या बिलात तो दडून बसतो आणि कोण कोणाला किती देतो हे दिसेनासे होते. वेगळा दिला की तो दिसतो, पण अंदाजपत्रकाची ओढाताण झाली की पहिली कात्री त्यालाच लागते.

---

निवृत्त भारवाहक

उंबरठा यांची पहिली हरकत मला पूर्णपणे मान्य आहे. 'निवड' हा शब्द मीच वापरायला हवा होता.

त्यात एकच भर घालतो. शिखराला हातभार कोण लावतो हे ओळखण्याचे मंजूर भार हेही ओबडधोबड माप आहे, कारण तीन वातानुकूलन यंत्रांचा मालक ती पहाटे चालवत असेल तर यंत्रणेवर ताण येतच नाही. नेमके माप म्हणजे वेळ. शिखराच्या तासांतील वापरानेच क्षमतेचा खर्च उचलावा, हा विचार फ्रान्सच्या मार्सेल ब्वातो यांनी १९४९ मध्ये काटेकोरपणे मांडला, आणि पुढे त्या देशात रात्रीच्या स्वस्त दरावर घरोघरी पाणी तापवण्याच्या टाक्या चालू लागल्या. जुना तबकडीचा मीटर महिन्याची एकच बेरीज सांगत असल्याने हे इतरत्र सर्रास शक्य नव्हते. तासातासाची नोंद ठेवणारे मीटर आल्यापासून वेळेनुसार दर घरांपर्यंत पोहोचू लागले आहेत. सौरऊर्जा वाढली की स्वस्त वेळ रात्रीऐवजी दुपारी सरकते, हा त्यातला नवा बदल. ज्यांच्या छतावर पॅनेल आहेत त्यांची युनिटे घटतात, पण सूर्य मावळल्यावर तारा तेवढ्याच लागतात. म्हणून पुरवठा संस्था स्थिर आकार वाढवून मागतात आणि पॅनेलवाले विरोध करतात. दोघांच्याही बाजूने बोलण्यासारखे आहे.

---

चौकस वाचक

सर्वांचे मनापासून आभार. दोन गोष्टी करून पाहिल्या, त्या सांगतो.

पहिली गोष्ट बंद घरातल्या २० युनिटांची. २० युनिटे म्हणजे २०,००० वॅट-तास; ३० दिवसांचे ७२० तास धरले तर अखंड २८ वॅट. निघताना फ्रिज रिकामा करून बंद केला होता, म्हणून हा आकडा कोठून आला हे शोधायचे ठरवले. माझ्या मीटरवर '३२०० स्पंद प्रति युनिट' असे छापलेले आहे आणि एक लाल ठिपका लुकलुकतो. रात्री सर्व दिवे, पंखे आणि फ्रिज बंद करून हातात घड्याळ घेऊन मीटरसमोर उभा राहिलो. ठिपका साधारण चाळीस सेकंदांनी एकदा लुकलुकत होता. चाळीस सेकंदांना एक म्हणजे तासाला ९०, आणि ९० ला ३२०० ने भागले की ०.०२८ युनिट, बरोबर २८ वॅट! इंटरनेटचा राउटर, दूरदर्शन संचाची पेटी आणि इन्व्हर्टर यांचे प्लग एकेक करून काढत गेलो, तसतसा दोन लुकलुकींमधला अवधी लांबत गेला. सर्वाधिक फरक इन्व्हर्टरचा प्लग काढल्यावर पडला. शेवटी पाच मिनिटे ठिपका अजिबात पेटला नाही, तेव्हा गळतीची शंकाही फिटली.

दुसरी गोष्ट तारखांची, आणि येथे हिशेबनीसांना दाद दिली पाहिजे. ३६० युनिटांचे बिल खरोखरच ३६ दिवसांचे निघाले. मर्यादा मात्र १०० आणि ३०० याच लावलेल्या आहेत. १२० आणि ३६० लावल्या असत्या, तर १२० चे १२० आणि २४० चे ४८० असे ६०० झाले असते. माझ्याकडून ६८० घेतले गेले. फरक ८० चा आणि करासह ८८ चा, म्हणजे नेमका बंद घराच्या महिन्याच्या बिलाएवढा. उद्या सकाळी बिल घेऊन कार्यालयात जात आहे आणि ८८ परत मागणार आहे.

---

हिशेबनीस

जा, पण ८८ मागू नका. तुम्ही टप्पे दिवसांच्या प्रमाणात वाढवलेत, मग स्थिर आकारही त्याच न्यायाने ६० ऐवजी ७२ होईल. फरक ८० चा नसून ६८ चा आहे आणि करासह ७४.८.

शिवाय पुढचे वाचन ठरल्या तारखेला झाले असेल, तर चौथे बिल २४ दिवसांचे असले पाहिजे. त्याला मर्यादा ८० आणि २४० लावल्या तर २४० युनिटांचे ४००, स्थिर आकार ४८, करासह ४९२.८ होतात, तुम्ही ४८४ भरलेत, म्हणजे तिथे तुमचा ८.८ चा फायदा झाला आहे. तो वजा केला की मागणी ६६ ची उरते. ताळा असा: ६० दिवसांत ६०० युनिटे, म्हणजे दोन सरळ महिन्यांत ३०० व ३००, प्रत्येकी ६१६ प्रमाणे १,२३२, तुम्ही भरले १,२९८.

दोन्ही बिले बरोबर ठेवा आणि अर्जात ६६ चाच हिशेब लिहा. ८८ लिहिलेत तर खिडकीपलीकडचा माणूस चौथे बिल काढून दाखवील आणि मग तुमचे बाकीचे बरोबर असलेले आकडेही ऐकून घेणार नाही.

---

चौकस वाचक

चौथे बिल २४ दिवसांचेच आहे. अर्ज पुन्हा लिहायला घेतला आहे.